एकाच प्लॉटची लाल वाईन
छाटणीपासून बाटलीपर्यंतचे काम आणि करारापूर्वी पाहायच्या गोष्टी

नाशिक जिल्ह्यातल्या बागायतदाराला मणी फुगवायचे शिकवावे लागत नाही. जीएचे डिपिंग, गर्डलिंग, विरळणी हे सगळे त्याच्या हातात बसलेले आहे. वाईनच्या बागेत मात्र यातले बरेचसे विसरावे लागते. खायच्या द्राक्षाला मोठा मणी, पातळ साल हवी आणि बी नको. लाल वाईनला लहान मणी, जाड साल आणि बी असलेलेच वाण लागते. कारण साधे आहे. शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यॉचा मणी दाबून पाहा, आतला रस लाल नसतो. लाल रंग सालीत असतो आणि तुरटपणा साल व बियांत असतो. मणी लहान, तर रसाच्या मानाने साल जास्त आणि वाईन दाट.

दिंडोरी, निफाड, इगतपुरी या भागात वायनऱ्या आहेत. त्यातल्या छोट्या वायनऱ्यांना मोठ्या कारखान्याशी भावात टक्कर देता येत नाही. म्हणून एखादा चांगला प्लॉट निवडून त्याच्याच द्राक्षांची वेगळी लाल वाईन करायची, हा मार्ग त्यांना परवडतो. अशा प्लॉटसाठी शेतकऱ्याकडे विचारणा झाली, तर होकार देण्यापूर्वी हे काम कसे चालते ते समजून घेतले पाहिजे. वायनरी ज्या अटी घालते, त्यांचे मूळ या कामातच आहे.

एक प्लॉट म्हणजे काय?

एरवी वायनरी अनेक बागांचा माल घेते. एकाची वाईन फिकी, दुसऱ्याची आंबट, तिसऱ्याची दाट. सगळ्यांची मिसळ करून चव जुळवली जाते. एका प्लॉटच्या वाईनमध्ये ही सोय राहत नाही. त्या वावराची द्राक्षे वेगळी तोडायची, वेगळ्या टाकीत आंबवायची, वेगळ्या पिंपात मुरवायची आणि बाटलीवर त्या मळ्याचे नाव घालायचे. अमेरिकेत बाटलीवर मळ्याचे नाव छापायचे तर ९५ टक्के द्राक्षे त्याच मळ्याची असावी लागतात, असा नियम आहे. नावामुळे बाटलीला भाव येतो खरा, पण उणीव झाकायला दुसऱ्याचा माल नसतो.

त्यामुळे जमीन आधी पाहावी. पाण्याचा निचरा होणारी, मध्यम खोलीची, मुरमाड जमीन बरी. भारी काळ्या जमिनीत वेल पाल्यावर जातो आणि घड उशिरा व कमीजास्त पिकतात. एकाच गटात अर्धे वावर मुरमाड आणि अर्धे काळे असेल, तर दोन्हींचा माल एकत्र तोडू नये. लागवडीपूर्वी ठिकठिकाणी खड्डे घेऊन माती तपासावी. वाण आणि खुंटाबाबत मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

बागेतले काम

एप्रिलची खरड छाटणी नेहमीसारखीच. फळछाटणी साधारण सप्टेंबरच्या आसपास आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. आपल्याकडे या दिवसांत दिवसा ऊन आणि रात्री गारवा असतो. रंग भरायला आणि आंबटपणा टिकायला तो उपयोगी पडतो.

खायच्या द्राक्षाचे एकरी दहा टन काढणारा शेतकरी इथे चार टनांवर थांबतो. जास्त घड ठेवले की साखर उशिरा भरते आणि रंग फिका पडतो. मण्यात पाणी उतरण्याच्या वेळी मागे राहिलेले हिरवे घड काढून टाकावे लागतात. जमिनीवर पडलेला घड पाहून जीव हळहळतो, पण दराचा करार याच कमी उत्पादनावर झालेला असला पाहिजे. पाणी उतरल्यानंतर ठिबकचे पाणी बेताने कमी करावे, वेल सुकेल इतके तोडू नये.

फवारणीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. भुरीसाठी गंधक तोडणीच्या तोंडावर मारले, तर आंबवताना वाईनला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तांब्याचा अंश जास्त राहिला तर यीस्टचे काम मंदावते. लेबलवर दिलेला काढणीपूर्व कालावधी पाळावा आणि प्रत्येक फवारणी तारखेसह वहीत लिहावी.

तोडणीचा दिवस

सगळ्या ओळींतून, दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे आणि खालचे मिळून शंभर-दोनशे मणी घ्यावेत, रस काढून रिफ्रॅक्टोमीटरवर पाहावा. लाल वाईनसाठी साधारण २३ ते २५ ब्रिक्स लागते. नुसत्या साखरेवर भागत नाही, पीएच ३.५ ते ३.७ च्या दरम्यान असावा. बी चावून पाहावे. हिरवे, कडू असेल तर थांबावे. तपकिरी, कुरकुरीत असेल तर वेळ झाली. तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावी. क्रेट काठोकाठ भरू नयेत, खालचे मणी फुटून रस वाटेतच आंबू लागतो.

वायनरीत काय होते?

क्रेटचे वजन झाले की खराब मणी, पाला वेचून काढतात. यंत्रावर देठ वेगळे होतात, मणी हलके फुटतात. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टनाला साधारण ८०-९० ग्रॅम टाकतात. त्याने नको ते जंतू दबतात. मग साल, बी आणि रस असा सगळा गोळा स्टीलच्या टाकीत जातो. टाकीचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवतात, कारण आंबताना साल वर चढते.

यीस्ट टाकले की एक-दोन दिवसांत फसफसायला लागते. साखरेचा अल्कोहोल होतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ढोबळ हिशेब असा, की एक ब्रिक्सचा साधारण ०.५५ टक्के अल्कोहोल होतो. म्हणजे २४ ब्रिक्सच्या रसाची वाईन १३ टक्क्यांच्या आसपास जाते. तापमान २४ ते २८ अंशांत राखतात. फार तापले तर यीस्ट मरते आणि काम अर्धवट राहते.

वर आलेल्या सालीचा थर दिवसातून दोन-चार वेळा खाली दाबतात किंवा खालचा रस पंपाने वर फिरवतात. रंग उतरतो तो याच वेळी. थर कोरडा राहिला तर वाईन आंबून शिरक्याच्या वाटेला लागते. इथे एक धोका आहे. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने टाकीत आणि खोलीत खाली साचतो, जुन्या विहिरीतल्या वाईट हवेसारखा. खेळती हवा आणि गॅस तपासणी झाल्याशिवाय टाकीत कुणी उतरू नये, एकट्याने तर कधीच नाही.

आठ-दहा दिवसांनी रस गाळून घेतात आणि राहिलेली साल दाबून काढतात. दाबून निघालेली वाईन जास्त तुरट असते, ती वेगळी ठेवतात. एका टनातून साधारण ६०० ते ७०० लिटर निघते. त्यानंतर दुसरे आंबवणे. यात जिवाणू तिखट मॅलिक आम्लाचे मवाळ लॅक्टिक आम्ल करतात. दह्यातले आम्ल तेच. याला काही आठवडे लागतात.

पुढे वाईन २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात १२ ते १८ महिने मुरते. लाकडातून थोडी हवा आत जाते, तुरटपणा मवाळ होतो. थोडी वाईन उडतेही, म्हणून पिंप वरचेवर काठोकाठ भरावे लागते, तेही त्याच प्लॉटच्या वाईनने. उन्हाळ्यात पिंपांची खोली १५ ते १८ अंशांवर ठेवायची, तर विजेचे बिल येतेच. बाटलीत भरल्यावर आणखी काही महिने ठेवूनच माल बाजारात जातो.

हिशेब मांडून पाहा. एकरी चार टन, टनाला ६५० लिटर, म्हणजे २,६०० लिटर. गाळ आणि घट जाऊन २,४०० लिटर राहिली तर दहा-अकरा पिंपे आणि ७५० मिलीच्या सुमारे ३,२०० बाटल्या. फेब्रुवारीत तोडलेल्या द्राक्षाचा पैसा वायनरीला दोन वर्षांनी दिसतो. उधारी कुठे तुंबते, ते यावरून ध्यानात यावे.

करार करताना

राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ मध्ये आले, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले आणि लागवड वाढली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली तेव्हा माल पडून राहिला, अनेकांचे पैसे अडकले आणि कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या. वाईनचे द्राक्ष बाजार समितीत कुणी खायला घेत नाही. ग्राहक मोजकेच. एका प्लॉटच्या करारात तर एकच. म्हणून पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात.

• करार किती वर्षांचा? नवी बाग चांगल्या उत्पन्नावर यायला साधारण तीन वर्षे जातात, तेव्हा वर्षा-दोन वर्षांचा कागद कामाचा नाही.
• दर किलोवर की एकरावर? वायनरी घड कमी करायला सांगत असेल तर एकरी रक्कम ठरवलेली बरी.
• तोडणीची तारीख कोण ठरवणार? थांबायला सांगितले आणि बेमोसमी पाऊस आला, तर नुकसान कोणाचे?
• ब्रिक्स कोण मोजणार? शेतकऱ्यासमोर मोजून चिठ्ठी मिळावी.
• एखाद्या वर्षी माल प्लॉटच्या नावाच्या वाईनला कमी पडला, तर तो साध्या वाईनसाठी कोणत्या दराने घेणार? प्रामाणिक वायनरी अशा वर्षी त्या नावाची बाटली काढत नाही. तो निर्णय योग्यच, पण त्याचा भार एकट्या शेतकऱ्यावर नको.
• पैसे किती हप्त्यांत, कोणत्या तारखांना?
• बाटलीवर मळ्याचे नाव येणार असेल तर त्याचा मोबदला काय?

ग्रामपंचायतीनेही लक्ष घालावे. टाक्या, पिंपे धुतलेले पाणी आंबट आणि सेंद्रिय घाणीने भरलेले असते. ते प्रक्रिया न करता ओढ्यात गेले तर ओढा नासतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि सांडपाण्याची व्यवस्था पाहूनच ना हरकत द्यावी. साल-बियांचा चोथा कंपोस्टला चांगला. तो परत त्याच बागेला मिळावा, हेही करारात घालता येते. स्वतः वाईन करून विकायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आधी लागतो.

नवीन लागवड करणाऱ्याने आधी ग्राहक पक्का करावा, कागद करावा, मगच रोपांची मागणी नोंदवावी. ज्यांच्याकडे वाईनची बाग आहे, त्यांनी येत्या हंगामात प्लॉटवार वही ठेवायला सुरुवात करावी: छाटणी, फवारणी, पाणी, ब्रिक्स, वजन. तीन हंगामांची अशी वही हातात असेल, तर वायनरीसमोर दर मागताना शेतकऱ्याला खाली मान घालून बसावे लागणार नाही.