न विसरणारी चकती

हात मोडला की आधी एक्स-रे निघतो आणि मग प्लास्टर चढतं. त्या प्लास्टरमध्ये असतं कॅल्शियम सल्फेट, जिप्समच्या कुळातली साधी पांढरी भुकटी. आणि तो एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर जो चपटा बिल्ला क्लिपने अडकवलेला असतो, त्याच्या पोटातही कॅल्शियम सल्फेटच असतं. रोग्याचं हाड धरून ठेवणारा पदार्थ तंत्रज्ञाच्या अंगावर किती किरण पडले याचा हिशेब ठेवतो! हे कळल्यापासून रुग्णालयात गेलं की माझी नजर आधी त्या बिल्ल्याकडे जाते.

नाशिक म्हटलं की द्राक्षं, कुंभमेळा आणि पांडवलेणी आठवतात. पण 1998 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठही नाशिकचंच, म्हसरूळला. राज्यातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग अशी महाविद्यालयं त्याच्या छत्राखाली येतात. महाविद्यालयाला जोडून रुग्णालय आलं, रुग्णालय आलं की एक्स-रे, सीटी स्कॅन, कॅथलॅब आली, आणि जिथे कर्करोगावर उपचार होतात तिथे किरणोपचाराची प्रचंड यंत्रंही आली. या प्रत्येक ठिकाणी किरणांवर लक्ष ठेवणारं कुणीतरी असावं लागतं. नियमांच्या भाषेत ते विकिरण सुरक्षा अधिकारी. रुग्णालयात सगळे ‘आरएसओ’ म्हणतात.

किरणांची खरी पंचाईत अशी की आपल्याला त्यांच्यासाठी इंद्रियच नाही. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही, चटका नाही. 8 नोव्हेंबर 1895 रोजी राँटजेनला क्ष-किरण सापडले, आणि पुढच्या काही वर्षांतच ते हाताळणाऱ्यांच्या बोटांवर न भरणाऱ्या जखमा दिसू लागल्या. तोवर शरीराने एकदाही ‘सावध’ म्हटलं नव्हतं. म्हणून हे काम शरीराबाहेरच्या कुणावर तरी सोपवावं लागलं. आपल्याकडे ते त्या पांढऱ्या भुकटीवर सोपवलं आहे.

बिल्ला उघडला तर आत निकेलचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी निघते. तिच्यावर तीन पांढऱ्या चकत्या, प्रत्येकी साधारण 13 मिलिमीटर व्यासाच्या आणि जाडीला एक मिलिमीटरहूनही कमी. टेफ्लॉनमध्ये कॅल्शियम सल्फेट मिसळून त्या बनवतात, आणि त्या कॅल्शियम सल्फेटमध्ये मुद्दाम किंचित डिस्प्रोसियम घातलेलं असतं. सगळी करामत या अशुद्धीची आहे. डिस्प्रोसियममुळे स्फटिकाच्या जाळीत बारीक सापळे तयार होतात. किरण आला की तो एखादा इलेक्ट्रॉन जागेवरून उडवतो, आणि तो भटका इलेक्ट्रॉन सापळ्यात अडकतो. नेहमीच्या तापमानाला तो सुटत नाही. महिनाभर, तीन महिने, तसाच. चकतीकडे बघून काहीही कळत नाही.

दर तीन महिन्यांनी बिल्ले तपासणीला जातात. तिथे चकतीवर तीनशे अंशांच्या आसपास तापलेला नायट्रोजन सोडतात. उष्णतेने सापळे उघडतात, इलेक्ट्रॉन आपल्या जागी परततात, आणि परतताना प्रत्येकजण थोडा प्रकाश टाकतो. तो इतका मंद की डोळ्याला दिसणार नाही. प्रकाशाचे कण मोजणारी नळी लावावी लागते. जितके किरण पडले असतील तितका उजेड. तीन महिन्यांची सगळी नोंद त्या काही सेकंदांत बाहेर पडते आणि चकती पुन्हा कोरी होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने ही पद्धत इथेच विकसित केली, आणि गेली कित्येक दशकं देशभरातले किरण-कर्मचारी हेच बिल्ले लावताहेत.

तीन चकत्या कशासाठी? एकीवर धातूची गाळणी असते, दुसरीवर प्लास्टिकची, तिसरी उघडी. दुबळे किरण धातूपाशी अडतात, जोरकस किरण आरपार जातात. त्यामुळे तिन्हींच्या आकड्यांचं गुणोत्तर पाहिलं की किरण कोणत्या जातीचे होते तेही कळतं. शिवाय प्रत्येक संस्थेत एक बिल्ला असा असतो की जो कुणीच घालायचा नाही. तो किरणांपासून लांब, कार्यालयातल्या कपाटात राहतो. त्याला कंट्रोल बिल्ला म्हणतात. त्याच्यावर निसर्गाचे किरण तेवढे नोंदले जातात, आणि ते बाकीच्यांच्या आकड्यातून वजा होतात.

कारण किरण सगळीकडेच आहेत. आकाशातून येतात, जमिनीतून येतात, श्वासातल्या रेडॉनमधून येतात. जगाची सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट. केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइटची वाळू त्याबाबतीत भलतीच श्रीमंत. नाशिकचा काळा पाषाण मात्र गरीब, त्यात युरेनियम-थोरियम थोडंच. आणि आपलं अंगही काही कोरं नाही. सत्तर किलोच्या माणसात पोटॅशियम-40 चे चार हजारांहून जास्त अणू दर सेकंदाला क्षय पावत असतात.

कर्मचाऱ्यासाठी मर्यादा ठरलेली आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. आंतरराष्ट्रीय शिफारस एका वर्षाला 50 पर्यंत मुभा देते. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने ती आणखी आवळली, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. एका तिमाहीत 10 च्या वर आकडा गेला की चौकशी लागते. बऱ्याचदा निष्पन्न होतं ते असं की बिल्ला एक्स-रे खोलीतच विसरला होता, म्हणजे किरण माणसाने नव्हे, नुसत्या बिल्ल्याने खाल्ले. पण ते गृहीत धरून चालत नाही. शंका उरली तर रक्त तपासतात आणि पेशींमधल्या गुणसूत्रांत वेडेवाकडे जोड दिसतात का ते मोजतात. तिथे शरीरानेच नोंद ठेवलेली असते, फक्त ती वाचायला सूक्ष्मदर्शक लागतो.

आरएसओचं रोजचं काम मात्र अगदी हातातलं असतं. एक्स-रे खोलीची भिंत नऊ इंची विटांची आहे ना, दारावरचा लाल दिवा लागतो ना, गरोदर बाईने आधी सांगावं ही पाटी मराठीत आहे ना. शिशाचा एप्रन घडी घालून कोपऱ्यात टाकला असेल तर आरएसओ चिडणारच, आणि बरोबरच आहे. घडीवर आतल्या शिशाच्या थराला भेगा पडतात, वरून कापड धडधाकट दिसतं. म्हणून एप्रन टांगायचा, आणि अधूनमधून एप्रनचाच एक्स-रे काढून बघायचा!

सगळ्यात मला खेचून घेतो तो काळाचा हिशेब. पेट स्कॅनसाठी लागणारं फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. समजा ते मुंबईहून नाशिकला गाडीने आणायचं आहे आणि चार तास लागले, तर पोचेपर्यंत एक पंचमांशाहून जरासं जास्त उरेल. कसारा घाटात आणखी दोन तास गेले तर त्याचंही निम्म्याहून कमी. म्हणून सुई कधी टोचायची ते आधी ठरवून तिथून उलटं मोजत मात्रा भरावी लागते. थायरॉइडच्या कर्करोगावर देतात त्या आयोडीन-131 चं अर्धायुष्य आठ दिवसांचं. त्या रोग्याच्या खोलीतलं मलमूत्र थेट गटारात जात नाही, वेगळ्या टाकीत साठतं. टाकी भरली की बंद करायची आणि दुसरी उघडायची. ऐंशी दिवसांनी पहिलीत मूळच्याचा हजारावा हिस्सा उरतो. रसायन नाही, भट्टी नाही, फक्त थांबायचं आणि तारीख लिहून ठेवायची.

ही तारीख लिहायचं राहिलं की काय होतं, ते 2010 मध्ये दिल्लीत दिसलं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 चं एक संशोधन-यंत्र होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस आणलेलं, 1985 पासून पडून. त्याच्यात काय आहे ते माहीत असणारी माणसं निवृत्त झाली आणि यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं. कोबाल्ट-60 साधारण सव्वापाच वर्षांत निम्मं होतं. चाळीस वर्षांत त्याचा जेमतेम दोनशेवा हिस्सा उरला होता. तेवढ्याने अनेकजण भाजले आणि एकाचा जीव गेला. अंबड लिंक रोडवर वर्षानुवर्षं भंगार बाजार पाहिलेल्या नाशिककराला ते दृश्य डोळ्यांपुढे आणायला वेळ लागू नये.

हेच कोबाल्ट-60 नाशिक जिल्ह्यात भरवस्तीजवळ 2002 पासून बिनबोभाट राबतं आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘कृषक’ केंद्र उभारलं ते कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. 2007 पासून अमेरिकेला जाणारा आपला आंबाही तिथून निघू लागला. आंब्याला किमान 400 ग्रे मात्रा देतात. माणसाच्या सगळ्या अंगावर एकदम चार-पाच ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत तर जीव वाचण्याची शक्यता निम्म्यावर येते. तरी आंबा किरणोत्सारी होत नाही, कारण कोबाल्टच्या गॅमा किरणांत अणूचं केंद्रक बदलण्याइतकी ऊर्जा नसते. दोन्हीकडे धातू एकच, फरक इतकाच की लासलगावात स्रोत किती, कुठे आणि कधीचा हे रोज कुणाच्या तरी वहीत असतं.

माणसांचीही अशी वही आहे. किरणांपाशी काम करणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो, आणि त्याच्या प्रत्येक तिमाहीचा आकडा भाभा केंद्रातल्या राष्ट्रीय नोंदवहीत त्या क्रमांकापुढे चढतो. नाशिकची नोकरी सोडून एखादी तंत्रज्ञ धुळ्याला गेली, तिथून पुण्याला, तरी क्रमांक बदलत नाही. नव्या रुग्णालयाने नवा बिल्ला मागवताना तिचा जुनाच क्रमांक कळवायचा असतो.