मणक्याचे शल्यचिकित्सक

पाठीच्या कण्याचे आजार, दुखापती आणि व्यंगे यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांना मणक्याचे शल्यचिकित्सक किंवा कणाशल्यचिकित्सक म्हणतात. नावात ‘शल्य’ असले तरी त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज नसते. शस्त्रक्रिया कोणावर करावी, कोणावर करू नये आणि कोणावर क्षणाचाही विलंब न लावता करावी, हा निर्णय या शाखेचा गाभा होय. तो केवळ तपासणीच्या चित्रावरून घेता येत नाही. रुग्णाची लक्षणे, वय, काम आणि राहणीमान यांचाही त्यात विचार करावा लागतो. यवतमाळसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात हे विशेष प्रकर्षाने जाणवते.

कण्याची रचना

मानवी कण्यात जन्मतः ३३ मणके असतात : मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे सुमारे ४. त्रिकास्थी व माकडहाडाचे मणके पुढे एकमेकांना जुळतात. वरच्या मणक्यांच्या दरम्यान लवचीक चकत्या असतात. बोलीभाषेत त्यांना ‘गादी’ म्हणतात. मणक्यांमधील पोकळीतून मज्जारज्जू जातो. प्रौढ व्यक्तीत तो कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली चेतातंतूंचा घोड्याच्या शेपटीसारखा जुडगा असतो. हाडे, चकत्या आणि चेतातंतू इतके लगत असल्यामुळे येथील आजार आणि शस्त्रक्रिया दोन्ही नाजूक ठरतात.

शिक्षण

भारतात या शाखेकडे दोन वाटांनी येता येते. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण झाल्यावर काही डॉक्टर अस्थिशल्यशास्त्रात तीन वर्षांची एमएस पदवी घेतात. काही जण मेंदू व चेतासंस्थेच्या शस्त्रक्रियेत एमसीएच करतात. त्यानंतर अनुभवी शल्यचिकित्सकांच्या हाताखाली मणक्यांच्या शस्त्रक्रियेचे विशेष प्रशिक्षण घेतले जाते. पहिल्या वाटेने आलेल्यांचा पाया हाडांच्या अभ्यासाचा, तर दुसऱ्या वाटेने आलेल्यांचा चेतातंतूंच्या अभ्यासाचा असतो.

चित्र आणि वेदना

१९३४ मध्ये अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी सरकलेल्या चकतीचा दाब चेतातंतूवर पडून पायात कळ जाते, हे दाखवून दिले. तेव्हापासून चकतीच्या शस्त्रक्रियेचा प्रसार झाला. पुढे एमआरआय तपासणी आली आणि चकतीतील बारीकसारीक बदलही दिसू लागले. मात्र दिसणारा प्रत्येक बदल वेदनेचे कारण असतोच असे नाही. पाठदुखी नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के लोकांच्या चकत्यांत झीज आढळली. वयाबरोबर केस पिकावेत तशी ही झीज होते.

‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य महाराष्ट्रात सर्वत्र ऐकू येते. बहुतेक वेळा त्याचा अर्थ चकतीची उंची कमी झाली आहे एवढाच असतो. ते ऐकून रुग्ण काम सोडतो, हालचाल टाळतो आणि त्यामुळे स्नायू आणखी दुर्बल होतात. म्हणून कुशल डॉक्टर आधी रुग्णाचे म्हणणे ऐकतात, पायांची ताकद, संवेदना व प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात आणि मगच चित्र पाहतात. लक्षणे, तपासणी व चित्र या तिन्हींचा मेळ बसला तरच शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

निर्णयात रुग्णाचा वाटा

चकती सरकल्याने पायात जाणारी कळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप कमी होते. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला लवकर शस्त्रक्रिया, तर दुसऱ्याला आधी औषधोपचार देण्यात आले. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम लवकर पडला. परंतु वर्षअखेर दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखीच होती. दुसऱ्या गटातील ३९ टक्के रुग्णांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली.

अशा वेळी दोन्ही मार्ग वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकतात आणि निवड रुग्णाच्या आयुष्यावर अवलंबून राहते. ज्याला दोन महिने विश्रांती परवडते तो थांबू शकतो. हंगामाच्या मजुरीवर वर्ष काढणाऱ्याला वेदनेचे दोन महिनेही जड जातात. पण शस्त्रक्रियेचा खर्च आणि नंतरची सक्तीची विश्रांतीही त्याला तितकीच जड असते. दोन्ही बाजू रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग होय.

क्षयरोग आणि मध्यममार्ग

पर्सिव्हल पॉट या इंग्लिश शल्यचिकित्सकाने १७७९ मध्ये कण्याला कुबड येऊन पाय लुळे पडणाऱ्या विकाराचे वर्णन केले. तो मणक्याचा क्षयरोग होता, हे नंतर स्पष्ट झाले. विसाव्या शतकात अशा रुग्णांवर सरसकट शस्त्रक्रिया करावी, असा एक मतप्रवाह होता. बनारस येथील अस्थिशल्यचिकित्सक सुरेंद्र मोहन तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यममार्ग’ मांडला : प्रत्येकाला क्षयरोगाची औषधे द्यावीत आणि औषधांना दाद न देणाऱ्या किंवा लुळेपणा वाढत जाणाऱ्या निवडक रुग्णांवरच शस्त्रक्रिया करावी. भारतीय परिस्थितीतून आलेला हा विचार पुढे व्यापक प्रमाणावर स्वीकारला गेला. संध्याकाळी येणारा ताप, घटणारे वजन आणि विश्रांतीनेही न थांबणारी पाठदुखी ही या आजाराची लक्षणे असू शकतात.

यवतमाळ जिल्ह्याचा संदर्भ

सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात कापूस हे प्रमुख पीक आहे. निंदण आणि वेचणी ही कामे तासन्‌तास वाकून करावी लागतात. वेचणाऱ्या स्त्रीच्या कमरेला कापसाच्या ओटीचे ओझेही असते. फवारणीचा भरलेला पंप पाठीवर वाहावा लागतो. त्यामुळे ‘वाकू नका, वजन उचलू नका’ हा शहरी सल्ला येथे निरुपयोगी ठरतो. ओटी वारंवार रिकामी करणे, मधूनमधून पाठ ताठ करणे, गुडघ्यांत वाकून ओझे उचलणे असा कामाला धरून दिलेला सल्लाच पाळला जातो.

पांढरकवडा व झरी जामणी परिसरासह जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. पर्यायी स्रोत नसल्यास पिण्याच्या पाण्यात त्याची भारतीय मानकातील कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे शरीरात गेल्यास कणा ताठरतो, अस्थिबंध कठीण होतात आणि मज्जारज्जूची पोकळी अरुंद होऊ शकते. म्हणून ‘पाणी कोणत्या विहिरीचे किंवा हातपंपाचे पिता?’ हा प्रश्न येथे निदानाला दिशा देऊ शकतो.

यवतमाळ येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्ण नागपूर किंवा सेवाग्राम येथेही जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मणक्याच्या काही शस्त्रक्रियांचा समावेश आहे.

महाराष्ट्रातील कार्य

मूळचे गोव्याचे आणि मुंबईत दीर्घकाळ कार्यरत असलेले प्रेमानंद रामाणी हे कमरेचे मणके मागच्या बाजूने जोडण्याच्या शस्त्रक्रियेसाठी ओळखले जातात. ‘ताठ कणा’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र होय. मुंबईतील शेखर भोजराज यांनी द स्पाइन फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथील रुग्णालयात या संस्थेचे तज्ज्ञ रुग्णतपासणी व शस्त्रक्रिया करतात. रुग्णाने महानगरात येण्याऐवजी तज्ज्ञांनी रुग्णापर्यंत जावे, हे या कार्याचे वैशिष्ट्य आहे.

तातडीची लक्षणे

लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, लघवी तुंबणे, जांघ व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे, पायांतील ताकद झपाट्याने कमी होणे ही लक्षणे दिसल्यास थांबणे धोक्याचे असते. खालच्या चेतातंतूंच्या जुडग्यावर मोठा दाब पडल्याची ती खूण असू शकते आणि अशा वेळी दाब जितका लवकर दूर होईल तितकी बरे होण्याची शक्यता अधिक असते. उशीर झाल्यास कायमचे अपंगत्व येऊ शकते. झाडावरून, छपरावरून किंवा विहिरीत पडलेल्या व्यक्तीला हातपाय धरून उचलू नये. मान व पाठ सरळ ठेवून, कडक फळीवर निजवून रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर शासकीय रुग्णवाहिका विनामूल्य मिळते.