विमानाचा कंठ

घरी विमान बांधतात असे सांगितले की आपल्या मंडळींना ती थाप वाटते. पण मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली मुंबईकरांनी प्रदर्शनात पाहिले आहे. अमेरिकेत तर हा छंद जुनाच. अशा हौशी लोकांची संघटना तेथे विस्कॉन्सिन राज्यात १९५३ सालीच निघाली. त्याच राज्यात मुलाकडे राहिलो असता शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये मी असे एक दोन आसनी विमान पाहिले, आणि शेजारीबुवांनी मला चक्क कामाला जुंपले!

काम कसले? तर रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या तारेला जोड बसवण्याचे. या तारेला कोअ‍ॅक्सियल केबल म्हणतात. टीव्हीच्या डिशची गोल तार आपण पाहतोच. ही तिची बहीण. मात्र टीव्हीची तार ७५ ओहमची, तर विमानाची ५० ओहमची. मधोमध तांब्याचा गाभा, त्यावर टेफ्लॉनचे वेष्टण, त्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या तारांची दुहेरी जाळी आणि वर आवरण. आरजी-४०० या जातीची ही केबल २०० अंश सेल्सिअस उष्णता सोसते.

आता कृती ऐका. फेरूल नावाची धातूची नळी आधी केबलवर ओवायची. मागाहून ती ओवता येत नाही. मग आवरण व वेष्टण मापाने सोलायचे. गाभ्यावर पितळी पिन बसवून खास पकडीने दाबायची. कनेक्टरची मान जाळीच्या आत सारायची, जाळी तिच्यावर पसरायची, फेरूल पुढे ओढायची आणि पुन्हा पकड दाबायची. झाले!

वाटते तितके सोपे मात्र नाही. जाळीतला केसाएवढा एक तंतू जरी गाभ्याला टेकला, तरी वैमानिकाचे बोलणे अँटेनापर्यंत पोचतच नाही. ‘थांबा, धावपट्टीवर दुसरे विमान आहे,’ हा मनोऱ्याचा इशारा ऐकू येणे, किंवा इंजिन कुरकुरू लागताच १२१.५ मेगाहर्ट्‌झवर मदत मागता येणे, हे सारे या बोटाच्या पेराएवढ्या जोडावर अवलंबून!

शिवाय एकदा पत्रा बसला की जोड दिसेनासा होतो. म्हणून शेजारीबुवांनी अँटेना लावण्याआधीच मीटर घेतला. गाभा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हवा. गाभा आणि जाळी यांचा मात्र संबंध नको. मग अँटेना जोडून दुसरे मीटर लावले. पाठवलेल्या शक्तीपैकी किती माघारी येते, ते यावर कळते. आकडा एकच्या जितका जवळ तितका उत्तम. दोनच्या वर गेला तर शोध घ्यायचा. आमचा दोनच्या बराच आत आला.

तो आकडा वहीत टिपून घ्यायला त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. पुढे शेजारच्या आसनावर बसायचे त्यांनाच! तेव्हा त्यांनी तो दोनदा वाचायला लावला, आणि मगच पत्रा बसवू दिला.