बुडीचा हिशेब परतीच्या विमानापासून

दिवाळीची गर्दी ओसरली की व्यापारी घरांत सहलीचे बेत सुरू होतात. दुकान फार दिवस बंद ठेवणे परवडत नाही. त्यामुळे शेवटच्या दिवसाचा शेवटचा तासही वसूल झाला पाहिजे, असा आग्रह असतो. अंदमानच्या सहलीत त्याचे रूप ठरलेले आहे : सकाळी समुद्रात बुडी आणि दुपारी विमान. एरवी शहाणपणाची ठरणारी ही काटकसर स्कूबा डायव्हिंगच्या बाबतीत अंगाशी येऊ शकते.

समुद्रात दहा मीटर खाली गेले की शरीरावरील दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. या दाबाखाली सिलिंडरमधील हवा घेताना तिच्यातील नायट्रोजन रक्तात अधिक प्रमाणात विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे सावकाश बाहेर पडतो. त्याला घाई चालत नाही. विमानाच्या केबिनमधील दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका कमी असू शकतो. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना माणूस तेथे पोहोचला, तर त्या वायूचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. सांधे दुखणे, हातपाय बधिर होणे, क्वचित पक्षाघात, असे त्याचे परिणाम आहेत. म्हणून ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेच्या सूचनेनुसार एकाच साध्या बुडीनंतर किमान १२ तास, तर एकाच दिवशी वा सलग दिवस अनेक बुड्या मारल्यास किमान १८ तास विमानात बसू नये. अनुभवी लोक सरळ पूर्ण एक दिवस सोडतात.

तेव्हा आखणी परतीच्या तिकिटापासून मागे मोजत करावी. पाच दिवस हाताशी असतील, तर पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्रीविजयपुरम, गाठून बोटीने स्वराज द्वीपावर, जुन्या हॅवलॉकवर, जावे. दुसरा व तिसरा दिवस समुद्रासाठी ठेवावा. चौथ्या दिवशी बोटीने परतून सेल्युलर जेल पाहावे आणि पाचव्या दिवशी विमान घ्यावे. सेल्युलर जेल घाईने उरकण्याचे स्थळ नाहीच. तो दिवस वाया गेला असे कोण म्हणेल? एक गोष्ट मात्र मुलांना आधीच बजावावी. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती असंख्य सूक्ष्म जिवांची वसाहत आहे. तिला हात लावू नये, पाय टेकू नये. तिचा तुकडा आठवण म्हणून उचलणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा ठरतो.

कोल्हापूर-सांगलीची कुटुंबे मालवण-तारकर्लीला जातात, तेव्हा विमानाचा प्रश्न नसतो. घाट मात्र असतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, आणि वरील सूचना साधारण ६०० मीटरपासूनच लागू होतात. नवशिक्यांची उथळ पाण्यातील छोटी बुडी फारशी चिंतेची नसते. प्रमाणपत्रधारकाने खोल बुड्या मारल्या असतील, तर त्याने ती रात्र किनाऱ्यावरच काढावी.

हौशी पाहुण्याला प्रशिक्षकाबरोबर १२ मीटरपर्यंत जाता येते. वयाची किमान अट सामान्यतः १० वर्षे असते. पुढे जायचे असेल, तर वर्ग व तलावातील सराव आपल्या शहरात आटोपून समुद्रातील चार बुड्या सहलीत पूर्ण कराव्यात. त्यानंतर प्रौढास १८ मीटरपर्यंतचे प्रमाणपत्र मिळते. आरोग्याच्या प्रश्नावलीत दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांविषयी विचारतात. ‘नाही’ लिहून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. पण पाण्याखाली ते उत्तर तपासायला डॉक्टर नसतो. सर्दी असेल, तर कानावरील दाब समतोल होत नाही. त्या दिवशी किनाऱ्यावर बसावे. विम्याची पॉलिसीही अखेरपर्यंत वाचावी. प्रवास विम्याच्या पुष्कळ पॉलिसींत साहसी क्रीडा वगळलेल्या असतात, आणि ते कलम पहिल्या पानावर नसते.

अमेरिकेतील मुलांकडे गेलेले आईवडील आता मायामीहून कॅरिबियन क्रूझवरही जातात. मेक्सिकोचे कोझुमेल बेट हा तेथील नित्याचा थांबा, आणि पालांकारचा प्रवाळ प्रसिद्ध. थांबा असतो काही तासांचा. दोन बुड्यांची फेरी, बोटीच्या प्रवासासह, सुमारे चार तास घेते. म्हणून दिवसात दुसरे काही ठरवू नये. जहाज कंपनीमार्फत घेतलेल्या फेरीला उशीर झाला, तर जहाज सामान्यतः थांबते. बाहेर स्वस्तात ठरवलेल्या फेरीसाठी ते थांबत नाही, आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. येथे घड्याळाचाही एक घोळ आहे. कोझुमेल २०१५ पासून वर्षभर एकच वेळ पाळते, तर मायामीची घड्याळे उन्हाळ्यात तासभर पुढे जातात. जहाजावर मायामीचीच वेळ चालू असेल, तर बेटावरच्या घड्याळात चार वाजले असताना जहाजावर पाच वाजलेले असतात. उतरण्यापूर्वी जहाजाची वेळ विचारावी आणि मनगटी घड्याळ तिच्याशी जुळवून घ्यावे. मोबाईल बेटावर पाय ठेवताच स्वतःहून वेळ बदलतो.