वासाला स्वतःचं नाव का नसतं?

आष्टीत उभं राहून आम्ही आज 'चेरी पाय'विषयी बोलणार, याचं तुम्हाला हसू येईल. मैद्याची पारी, आत चेरीचं आंबटगोड सारण, आणि सगळं भट्टीत भाजलेलं. असा हा विलायती गोड पदार्थ. आपल्या करंजीचा लांबचा नातेवाईक म्हणा.

पण इंग्लंडातला माळी 'चेरी पाय' म्हणतो, तेव्हा तो जांभळ्या फुलांचं एक झाड दाखवत असतो. हे हेलिओट्रोप, मूळचं पेरूकडचं. फुलांना व्हॅनिला-बदामासारखा गोडसर वास येतो, म्हणून त्याला पदार्थाचं नाव मिळालं. झाड मात्र विषारी आहे, बरं का! 'हा मुलगा सिंह आहे' म्हटलं की आपण त्याची शेपटी शोधत नाही. आपले शास्त्रकार याला लक्षणा म्हणतात. नाव उसनं असतं, गुण एखादाच जुळतो.

आता याच कुळातली आपल्याकडची वनस्पती पाहा. पडीक जमिनीवर उगवणारी भुरुंडी. तिचा तुरा सोंडेसारखा वळलेला, म्हणून संस्कृतात ती हस्तिशुंडी. इथं नाव डोळ्यांनी दिलं. डोळ्यांजवळ शब्द भरपूर: वाकडं, गोल, तांबडं. नाकाजवळ काय आहे? न्याय-वैशेषिकांनी रूपाचे सात प्रकार सांगितले, रसाचे सहा. गंधाचे मात्र दोनच, सुगंध आणि दुर्गंध. त्यापुढे जायचं तर 'कशासारखा' हे सांगावंच लागतं.

आपणही तेच केलं. इंग्रजांनी फुलाला पदार्थाचं नाव दिलं, आपण तांदळाला फुलाचं दिलं: आंबेमोहोर. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा दरवळतो, म्हणून.

मात्र उसन्या नावाला एक धोका असतो. ज्यानं पाय कधी चाखला नाही, त्याला 'चेरी पाय' या नावातून त्या फुलाचा वास कळत नाही. तसंच, ज्या मुलानं मोहोरलेलं झाड कधी हुंगलं नाही, त्याच्यासाठी आंबेमोहोर म्हणजे पिशवीवरची अक्षरं. शब्द कोशात राहील, अर्थ निघून जाईल.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: येत्या माघात नातवंडांना मोहोरलेल्या आंब्याखाली घेऊन जा. घरी आल्यावर मग तो भात वाढा.