पंखा फिरतोय, मग गाडी का तापते? ट्रकच्या फॅन क्लचची गोष्ट

बसमध्ये रेंज गेली म्हणून ज्यांचा एपिसोड अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. आज कोड नाही, ॲप नाही. आज माझ्या मामांचा ट्रक.

मामा तळेघरचे. जुना सहाचाकी डिझेल ट्रक. मंचरहून सिमेंट, लोखंड भरून वर न्यायचं आणि उन्हाळ्यात येताना हिरड्याची पोती खाली आणायची, हा धंदा. पाऊस लागायच्या आत सगळ्यांना घराचं सामान हवं असतं, म्हणजे एप्रिल-मे हेच कमाईचे महिने. आणि नेमकं एप्रिलमध्येच गाडी तापायला लागली. मंचर, घोडेगाव, डिंभ्यापर्यंत काटा अर्ध्यावर. पोखरीचा घाट लागला की सरळ लालमध्ये. थांबा, गार करा, पुन्हा निघा. एका मिस्त्रीनं हेड गॅसकेट गेलंय म्हणून सांगितलं. अठरा हजार गेले, काटा तिथंच. मग रेडिएटर साफ केला. तरी तेच.

मी फोनवर विचारलं, "मामा, पंखा बघितला का?"

"आरं, पंखा तर फिरतोय की!"

इथंच सगळी गंमत आहे. सपाटीला साठच्या स्पीडनं जाताना समोरचा वाराच रेडिएटर गार करतो. तिथं पंख्याची फारशी गरज नसते. घाटात उलटं होतं. गाडी भरलेली, दुसरा गिअर, इंजिन पूर्ण ताकदीनं ओढतंय आणि स्पीड पंधरा. उष्णता सगळ्यात जास्त, वारा सगळ्यात कमी. तेव्हा जो काही वारा मिळेल तो पंख्याचाच. म्हणून 'सपाटीला ठीक, घाटात गरम' असं दिसलं तर हेड उतरवायच्या आधी फॅन क्लच बघा.

हा क्लच म्हणजे पंख्याच्या मध्यभागी बसवलेला ॲल्युमिनियमचा जाड डबा. आतली चकती इंजिनबरोबर फिरते, बाहेरच्या डब्याला पंखा बसवलेला असतो, आणि दोघांना जोडणारं एकही दातेरी चाक नाही. मध्ये असतं फक्त घट्ट सिलिकॉन तेल. डब्याच्या तोंडावर दोन धातूंच्या पट्टीची एक स्प्रिंग असते. रेडिएटरमधून आलेली हवा गरम झाली की ती स्प्रिंग पिळली जाते, आतला व्हॉल्व्ह उघडतो, तेल खाचांमध्ये भरतं आणि चकती डब्याला ओढत नेते. हवा गार झाली की तेल परत टाकीत, पंखा पुन्हा सुस्त. वायर नाही, सेन्सर नाही, एक ओळ कोड नाही. मला तर हेवाच वाटला.

आता तेल गळून गेलं तर? बेअरिंगच्या घर्षणानं आणि उरल्यासुरल्या तेलानं पंखा फिरतच राहतो. पण जोर नसतो. बघणाऱ्याला फिरताना दिसतो, आणि शंका रेडिएटरवर जाते.

शनिवारी मी तळेघरला गेलो. इंजिन गरम करून बंद केलं, चावी खिशात टाकली (हे विसरू नका, बोटं परत येत नाहीत) आणि पंखा हातानं ढकलला. गरम असताना तो अडायला हवा. मामांचा चार-पाच गिरक्या घेऊन थांबला. डब्यावर धूळ चिकटून काळा चिकट ओघळही होता. अजून एक खूण आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू केली की चांगला क्लच थोडा वेळ घुरघुरतो, कारण तेल खाचांमध्ये उतरलेलं असतं. मामा म्हणाले, "ते घुरघुरणं गेल्या वर्षीच बंद झालं. म्हटलं, बरं झालं, गाडी शांत झाली!"

गॅरेजवाला म्हणाला, दोन बोल्ट मारून पंखा डायरेक्ट करून देतो. घाटापुरतं ते चालतंही. पण पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते: वेग दुप्पट, तर ताकद आठपट. समजा २४०० आरपीएमला पंखा १० हॉर्सपॉवर खात असेल, तर १२०० ला सव्वा. डायरेक्ट केला की मंचरपर्यंत सपाटीलाही तो पूर्ण वेगानं फिरणार, आणि त्याचं डिझेल मामांच्या खिशातून जाणार.

माझा प्लॅन अर्थातच भारी होता: सगळं काढून इलेक्ट्रिक पंखे आणि सेन्सर. मग हिशोब केला. १० हॉर्सपॉवर म्हणजे साडेसात किलोवॅट. २४ व्होल्टवर ३०० अँपिअरच्या वर! मामांचा अल्टरनेटर शंभरचाही नाही. कारचे पंखे काहीशे वॉटचे असतात, त्यांच्यावर भरलेला ट्रक घाट चढणार नाही. नव्या ट्रकांमध्ये तोच तेलाचा क्लच असतो, पण काहींमध्ये स्प्रिंगऐवजी सोलेनॉइड येतो आणि इसीयू कूलंटचं तापमान बघून हुकूम देतो. स्प्रिंगला फक्त हवा कळते, तीही उशिरा. त्यामुळे ते खरंच जास्त चांगलं. पण ज्या गाडीत इसीयूच नाही, तिथं तो बसवणं म्हणजे पैशाची नासाडी.

शेवटी साधाच निर्णय झाला. त्याच मॉडेलचा नवा क्लच, सोबत नवा बेल्ट, आणि पंख्याभोवतीचं फुटलेलं कव्हर बदललं. ते कव्हर फुटलं असेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी तीच हवा घुसळत बसतो. नवा क्लच दुकानातून आणताना उभाच ठेवा, आडवा पडला तर तेल बेअरिंगकडे झिरपू शकतं. नट खोलताना आटे उलटे आहेत का ते आधी बघा, काही गाड्यांत असतात. आमच्या मिस्त्रीनं जोर लावून आधी घट्टच केला होता.

सोमवारी सिमेंट भरून निघालो. पोखरीच्या घाटात तिसऱ्या वळणावर पुढून एकदम घरघर सुरू झाली. मामांनी ब्रेकवर पाय ठेवला. "तुटलं काय तरी!"

"काही तुटलं नाही मामा, पंखा लागला. चला."

काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला आणि तिथंच थांबला.