काळ्या कोटाचा जांभळा रंग

कॅमेरा घेताना मेगापिक्सेलचा आकडा विचारून आपण चित्राची प्रत ठरवून मोकळे होतो. परंतु भिंग आणि संवेदक यांच्यामधील अंतरही त्या प्रतीवर किती परिणाम करते, हे आम्ही येथे एका उदाहरणाने सांगू इच्छितो.

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगामागे आरसा असतो. तो वर उचलला जाण्यास जागा हवी, म्हणून भिंगाची बैठक संवेदकापासून निकॉनमध्ये ४६.५, तर कॅननमध्ये ४४ मिलिमीटर दूर असते. रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. वेगळ्या खिडकीतून पाहून दोन प्रतिमा एकमेकींवर जुळविल्या की अंतर साधते. लायकाच्या एम मालिकेत ही बैठक अवघ्या २७.८ मिलिमीटरवर आहे. त्यामुळे रुंद कोनाची भिंगे लहान व रेखीव घडविता येतात. आरशाचा हादराही नाही.

फिल्म तिरपे किरण निमूटपणे स्वीकारीत असे. संवेदकाच्या कडांना ते सोसत नाहीत आणि कोपरे काळवंडतात. २००४ साली एप्सनने ६ मेगापिक्सेलचा पहिला डिजिटल रेंजफाइंडर आणला. २००६ च्या लायका एम ८ मध्ये कडांवरील सूक्ष्मभिंगे मध्याकडे सरकविली व संवेदकावरील काच पातळ ठेवली. चित्रे विलक्षण रेखीव आली. पण त्याच पातळ काचेतून अवरक्त किरणही आत शिरले आणि कृत्रिम धाग्याचे काळे कोट जांभळे दिसू लागले! अखेर कंपनीला ग्राहकांना भिंगावर बसविण्याचे दोन फिल्टर विनामूल्य द्यावे लागले. एसएलआरमध्ये जाड काच चालत असल्याने ही अडचण फारशी आली नाही. गुण आणि दोष असे एकाच मुळातून उपजले.

२००९ च्या एम ९ मध्ये २४×३६ मिलिमीटरचा पूर्ण संवेदक आला आणि फिल्टरची गरज सरली. तरी मंद प्रकाशात त्याची मजल आयएसओ २५०० पर्यंतच. २००७ चा निकॉन डी ३ मात्र ६४०० सहज गाठी.

हे कॅमेरे आज वापरलेलेच मिळतात. रात्रीचे लग्न, मुलांचे खेळ, दूरचे पक्षी टिपावयाचे असतील, तर एसएलआर बरा. दिवसाउजेडी रस्त्यावरील जीवन वा घरची माणसे टिपण्यास रेंजफाइंडर उत्तम. एम ९ घेताना संवेदकावरील काच गंजून डाग पडले नाहीत ना, हे अवश्य पाहावे. मूळ संवेदकात हा दोष आढळला आहे.

आकडा दुकानदारास जरूर विचारावा. निवाडा मात्र छापील चित्रातील कोपरे आणि काळा रंग पाहूनच करावा, असे आम्हांस वाटते.